हसली म्हणजे कळलं

लोक मला म्हणतात, तुझं लिहिणं चरचरीत असतं, पण त्यात गंमत नसते. एखादी गोष्ट उलटी करून सांगितली की कशी झोंबते, ते तुला जमत नाही. मला जमतं. सोलापुरातल्या एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता मी लिहायला शिकलो, आणि तिथं छापली जाणारी निम्मी पत्रकं उलटंच बोलणारी असत. ‘आमचे दयाळू मालक’, ‘कामगारबंधूंनो, उपाशी राहण्याची ही सोन्यासारखी संधी दवडू नका’. असली वाक्यं मी जुळवली आहेत, पुढं पुढं स्वतः लिहिलीही आहेत. मग तसं लिहायचं सोडलं. ते का सोडलं हे सांगायचं तर माझ्या अक्काची गिरणीतली जागा कशी गेली ते सांगावं लागतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा नवरा होटगीला रेल्वेत खलाशी होता. डबे जोडताना दोन डब्यांच्या मधे सापडला. त्यानंतर तिनं लहान मुलीला अक्कलकोटच्या पलीकडच्या गावी सासूपाशी ठेवलं आणि माझ्याकडं सोलापूरला येऊन गिरणीत लागली. मुलीला बरोबर आणायची तर दिवसभर बघणार कोण? मी छापखान्यात, ती गिरणीत, आणि चाळीतली आमची खोली अशी की उन्हाळ्यात भर दुपारी तिच्यात मांजरसुद्धा थांबत नसे. छापखान्याचं काम असेल त्या दिवशी असायचं, नसेल त्या दिवशी नसायचं. घर चालायचं ते अक्कावर.

ती वाइंडिंग खात्यात होती. लडीचं सूत बॉबिनवर भरायचं खातं ते, सगळं बायकांचं. त्यांच्यावर देखरेखीला एक बाईच असे, तिला नायकीण म्हणत. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला काढायचं, रजा कुणाला द्यायची, सकाळी कुणाच्या पुढ्यात कुठलं सूत टाकायचं, सगळं तिच्या तोंडी. साहेबाच्या टेबलापर्यंत त्यातलं काही पोचत नसे. तिथं फक्त बॉबिनांचा हिशेब जायचा.

ही नायकीण मूळची केम गावाकडची. अंगानं दणकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आणि जिभेला धार अशी की मी नाकारणार नाही, पहिल्यांदा अक्कानं घरी येऊन तिची नक्कल केली तेव्हा मीसुद्धा पोट धरून हसलो होतो. सरळ वाक्य त्या बाईच्या तोंडून निघतच नसे. उशिरा आलेलीला म्हणायची, “या, आरती थांबवून धरलीया तुमच्यासाठी.” कुणाचं सूत सारखं तुटायला लागलं की, “तोड बाई, तोड. मालकाकडं सूत लई झालंय, ठेवायला जागा न्हाय.” एक म्हातारी दुपारी डुलकी घ्यायला लागली, तर खातंभर बोटानं गप्प गप्प करत फिरली, “कुनी बोलू नगा गं, राणीसायबांचा आत्ता कुटं डोळा लागलाय.” ती म्हातारी दचकून उठली आणि सगळ्यांबरोबर हसायला लागली.

हसायला लागली, हे महत्त्वाचं. कारण त्या खात्यात हसणं हे कामच होतं. सूत सगळं सारखं नसतं. चांगलं सूत सरसर निघतं. ओलं, कच्चं सूत घडीघडीला तुटतं, गाठी मारता मारता दिवस जातो, आणि पगार तर बॉबिनांवर. सकाळी नायकीण लड्या वाटायची. आदल्या दिवशी तिच्या बोलण्यावर जिचं तोंड हललं नाही, तिच्या पुढ्यात ओलं सूत यायचं. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवी बाई आली की आठवडाभर ओल्या सुतावर बसायची आणि आपोआप शिकायची. शिकली की सूत सुधारायचं.

अक्का मुळात हसरी नव्हती. सुरुवातीला घरी आली की चुलीपुढं बसून गाल चोळायची.

“तम्मा,” ती मला म्हणायची. आमच्याकडं धाकट्या भावाला कानडीत तम्माच म्हणतात. “तम्मा, हसून हसून गाल दुकत्यात बग. सुतानं हात दुकंनात एवडं.”

“मग नको हसूस.”

“चांगलं सूत कोन देनार मग? तुजं पत्रक?”

मग मी पत्रकच लिहायला घ्यायचो.

गिरणीकामगारांच्या युनियनसाठी मी लिहायचो त्या पत्रकांवर शेवटचा हात फिरवणारे एक वकील होते. युनियनचे सल्लागार. कोर्टातून आले की कोट खुंटीला अडकवून माझे मजकूर वाचायचे, आणि जिथं जिथं मी सरळ शिवी दिली असेल तिथं तिथं स्तुती घालायचे. “अरे, मालकाला चोर म्हणालास तर उद्या फौजदार दारात. दानशूर म्हण. फौजदार काय करील? दानशूर म्हटल्याबद्दल खटला भरील? वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. उपरोध हे गरिबाचं हत्यार आहे, लक्षात ठेव. बोलायचं ते बोलायचं, आणि बोललोच नाही असं म्हणायची सोय ठेवायची.”

मला ते पटलं होतं. बोललोच नाही असं म्हणायची सोय! केवढी हुशारी वाटली होती तेव्हा. ही सोय नायकिणीलाही आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वकिलांच्याही आलं नव्हतं. त्यांच्या ते कधीच आलं नाही.

उन्हाळा सरत आला होता. अक्कलकोटकडून बाजाराला आलेल्या एका माणसानं सकाळी सकाळी निरोप आणला की मुलीला ताप आहे, उतरत नाही, पोट फुगलंय, म्हातारी सासू घाबरली आहे. अक्का तशीच गिरणीत गेली, कारण रजा मागायची तर खात्यात जाऊनच मागावी लागे. पुढचं सगळं मला नंतर तिच्याकडून आणि आमच्या शेजारणीकडून कळलं. शेजारीण तेलुगू, तिच्या घरचे हातमागावर लुगडी विणत आणि ती गिरणीत अक्काच्या बाजूच्याच चात्यांवर, म्हणजे बॉबिन फिरवणाऱ्या दांड्यांवर, कामाला असे. दोघींचं सांगणं शब्दाला शब्द जुळत होतं.

अक्का म्हणाली, “बाई, पोरगी तापानं पडलीया. सांगावा आलाय. चार दिस सोडा.”

नायकीण म्हणाली, “चारच? म्हैनाभर ऱ्हा की. गेलीच हायस तर लेकीचं लगीन उरकून ये. तुज्या चात्या फिरवायला आमी हाय की हितं बसलेलो.”

खातं हसलं. अक्का हसली.

मग तिनं कमरेचा बिल्ला काढला. प्रत्येक कामकरणीला नंबराचा पितळी बिल्ला असायचा. रजेवर जाणारीनं तो नायकिणीच्या हातात द्यायचा आणि नायकिणीनं तो भिंतीवरच्या ठराविक खिळ्याला अडकवायचा. बिल्ला खिळ्याला लागला की रजा मिळाली. इतकाच त्या खात्याचा कायदा. नायकिणीनं अक्काचा बिल्ला घेतला, प्रसादासारखा कपाळाला लावला, बायका पुन्हा हसल्या, आणि तो खिळ्याला अडकवला. वर म्हणाली, “जा, गाडी चुकंल तुजी.”

अक्का स्टेशनवर पळाली.

आता मी वाचणाऱ्याला विचारतो. तुम्ही तिच्या जागी असता तर काय समजला असता? या नायकिणीनं आजवर कुणालाही सरळ शब्दांत रजा दिली नव्हती. ‘बरं, जा’ असं ती कधी म्हणालीच नाही. देतानाही टोचून द्यायची, नाकारतानाही टोचूनच नाकारायची. मग बायकांनी शब्द ऐकणंच सोडून दिलं होतं. त्या फक्त हाताकडं बघायच्या. बिल्ला खिळ्यावर गेला का? गेला. मग झालं. बोलणं हा रजेवरचा कर, तो हसून भरायचा, आणि जायचं. हा व्यवहार सगळ्यांना माहीत होता. गिरणीबाहेरच्या माणसाला तो वेडेपणा वाटेल. आत तोच शहाणपणा होता.

गावी मुलगी फार वाईट स्थितीत होती. सासूनं अंगारे लावले होते, झाडपाला झाला होता. अक्कानं तिला पाठुंगळीला बांधली, होटगीवरून गाडीनं सोलापूरला आणली आणि सिव्हिल इस्पितळात दाखवली. डॉक्टर म्हणाले, मलेरिया जुना आहे, पाणथरी वाढली आहे, पोट त्यानंच फुगलंय, औषध बरेच दिवस द्यावं लागेल, दर आठवड्याला आणून दाखवा, गावी नेलीत तर मी काही सांगू शकत नाही. म्हणजे मुलगी सोलापुरात ठेवायला हवी होती. सोलापुरात राहायचं तर अक्काचा पगार हवा होता. शेजारणीची सासू दिवसा मुलीकडं बघायला तयार झाली. सगळं जमत होतं. फक्त अक्कानं परत चात्यांवर जाऊन बसायचं होतं.

रजेचे चार दिवस संपले तशी ती गेली, तर तिच्या चात्यांवर दुसरी बाई बसलेली. नायकिणीची भाची.

“माजी जागा, बाई?”

“तुजी जागा? तू तर लगीन लावाया गेलतीस की.”

“तुमी रजा दिलती. बिल्ला टांगला व्हता.”

तेव्हा नायकीण म्हणे गंभीर झाली. “अगं, म्या ठट्टा केली. म्हैनाभर ऱ्हा म्हनून कुनी खरंच सांगतं व्हय? बारकं पोरगंबी वळखंल. बिल्ला टांगला त्यो बी ठट्टेतच. तू न सांगता निगून गेलीस. तुला कळलं न्हाय असं म्हनू नगं. तू हसलीस की.”

हे अक्कानं मला सांगितलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. मी रागावलो होतो हे म्हणणं कमी आहे. मला त्या युक्तीचा बिनतोडपणा दिसला होता. हसणं सक्तीचं होतं. नाही हसलीस तर ओलं सूत. आणि हसलीस तर तो तुझा अंगठा, तुझी सही: मला सगळं कळलं, मला सगळं मान्य आहे. दोन्हीकडून पकडलेलं माणूस. त्याच आठवड्यात आमच्या छापखान्यात ‘दानशूर’ हा शब्द मी तीन ठिकाणी जुळवला होता. मला त्या शिशाच्या खिळ्यांकडं बघवेना.

वकिलांना मी गाठलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. प्रश्न त्यांना आवडला. “फार नाजूक मुद्दा आहे रे. शब्द रजेचे, हेतू नकाराचा. वा. व्यवस्थापक माझ्या कॉलेजातले. मी बोलतो. चौकशी लावू.”

“नाजूक नाही साहेब,” मी म्हणालो, “लबाडी आहे.”

“ते तू पत्रकात लिही. तिथं आपण तसं बोलायचं नसतं.”

चौकशी लागली. गिरणीच्या कचेरीत, डोक्यावर विजेचा पंखा, टेबलामागं साहेब, बाजूला खुर्चीवर आमचे वकील, बाकी सगळे उभे. भाऊ म्हणून मला आत घेतलं होतं. नायकीण पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन अशी उभी होती की देवळात आली आहे असं वाटावं. साक्षीला आमची शेजारीण.

साहेबांनी तिला विचारलं, “नायकिणीनं काय शब्द वापरले?”

शेजारणीनं ते सांगितले. म्हैनाभर ऱ्हा, लगीन उरकून ये, सगळे.

“मग तुम्ही काय केलं?”

“आमी समदे हसलो सायेब.”

“ही हसली?”

शेजारणीनं अक्काकडं बघितलं. “हसली.”

“म्हणजे ठट्टा आहे हे हिला कळलं होतं.”

शेजारणीची नजर नायकिणीकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नायकिणीकडून तिला सूत घ्यायचं होतं. घरी हातमागाला तेजी नव्हती, कुटुंब मोठं. मी तिला दोष देत नाही. ती तेवढंच पुन्हा म्हणाली, “हसली सायेब.”

मला राहवलं नाही. मी म्हणालो, “साहेब, हसली नसती तर हिला दुसऱ्या दिवशी ओलं सूत मिळालं असतं. त्या खात्यात कुणी हसायचं राहूच शकत नाही. विचारा त्यांना.”

“ते या चौकशीत येत नाही,” साहेब म्हणाले.

वकिलांनी माझी बाही ओढली आणि सूत्रं आपल्या हातात घेतली. फार सफाईनं बोलले. शब्द काय होते याबद्दल वाद नाही, बिल्ला टांगला याबद्दल वाद नाही, तेव्हा रजा दिली हे सिद्ध आहे. सूर कसा होता हे कोण ठरवणार?

साहेब खुर्चीत मागं रेलले. “म्हणजे वकीलसाहेब, सगळा खटला सुरावर उभा आहे म्हणायचा.”

“मग एखादा पेटीवाला साक्षीला बोलवायला हवा,” वकील म्हणाले.

दोघं हसले. जुन्या ओळखीची माणसं हसतात तसं, छान मोकळं. आणि त्यांच्या हसण्याबरोबर, भिंतीशी उभी असलेली माझी अक्का हसली.

तिला त्यातलं काही समजलं नव्हतं. पेटीवाला कोण, सूर कसला, काही नाही. वरचा माणूस बोलून हसला की आपण हसायचं, एवढं तिच्या गालांना समजलं होतं.

नायकीण लगेच म्हणाली, “बगा सायेब. आताबी हसली. हिला ठट्टा कळत न्हाय व्हय?”

साहेबांचं हसू ओसरलं. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. वकिलांनी चष्मा काढून पुसला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “अक्का, का हसलीस?”

“सायेब हसले की.”

उपरोधाबद्दल मला जे कळलं ते त्या कचेरीच्या पायऱ्यांवर कळलं, आणि ते पुस्तकी नाही. उपरोध चांगला की वाईट हे बोलणाऱ्याच्या हुशारीवरून ठरत नाही. समोरच्याला तो कळला नाही तर भुर्दंड कुणाला बसतो, एवढं बघावं. खालच्यानं वरच्याला टोचलं आणि वरच्यानं ते शब्दशः घेतलं, तर खालचा मार खातो. त्याची जोखीम त्याच्याच डोक्यावर असते, म्हणून त्याच्या टोचण्याला काही किंमत आहे. वरच्यानं खालच्याला टोचलं तर चुकलं तरी भरणार खालचाच. वरचा आपला शब्द केव्हाही उचलून खिशात घालतो: मी तसं म्हटलंच नव्हतं. याला विनोद म्हणणारी माणसं मी रोज बघतो. मास्तर पोराला ‘या बृहस्पती’ म्हणतो. सासू सुनेला ‘तुझ्या माहेरी तूपच खात असतील’ म्हणते. कारकून खेडुताला ‘बसा, खुर्ची मागवतो’ म्हणतो, आणि तो बिचारा खरंच टेकायला जागा शोधतो तेव्हा सगळी कचेरी हसते. मला सांगा, यात कुणाची हुशारी दिसली?

पण हे सगळं तेव्हा माझ्या डोक्यात होतं, आणि मुलगी खोलीत चटईवर होती. क्विनाईन दिलं की ओकायची. अक्का तिच्या तोंडात साखरेची चिमूट धरायची.

दोन दिवसांनी वकील खूश होऊन आले. साहेबांनी तडजोड मान्य केली होती. अक्कानं खात्यात सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘बाई, तुमची ठट्टा मला कळली नाही, माझी चूक झाली.’ की जागा परत. भाचीला दुसरीकडं टाकतील.

“हे खोटं आहे,” मी म्हणालो. “हसली म्हणून कळलं होतं असं ठरवून तिला काढलं. आता कळलं नव्हतं असं तिच्याच तोंडून वदवून घेणार?”

“एक वाक्य आहे रे. नुसतं एक वाक्य.” मग ते अक्काकडं वळले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघ बाई, तू ते उपरोधानं म्हण. मनात दुसरं, तोंडात दुसरं. तेवढंच तुला समाधान.”

मला आयुष्यात कुणाचा इतका संताप आला नसेल. उपरोधानं म्हणायचं तर ऐकणाऱ्यांत एक तरी आपला माणूस लागतो, ज्याला तो उलटा अर्थ कळणार असतो. खातंभर ओल्या सुताला भ्यालेल्या बायका. तिथं एकटीनं मनात ठेवलेला उपरोध म्हणजे निव्वळ शरणागती. मी हे वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, “तू फार तर्कटी आहेस.”

अक्का म्हणाली, “म्हनते की. त्यात काय एवडं. तम्मा, तू गप ऱ्हा.” आणि मुलीच्या कपाळावरची ओली चिंधी पालटली.

पुढचं शेजारणीनं सांगितलं. ती स्वतः रडत होती, म्हणून नीट सांगायला तिला वेळ लागला.

सकाळी भोंगा झाल्यावर अक्का खात्यात गेली. चात्या अजून सुरू व्हायच्या होत्या. तिनं ते वाक्य म्हटलं, अडखळत, पण पूर्ण म्हटलं. कुणी हसलं नाही. नायकीण थोडा वेळ बघत राहिली. तिला हवं होतं ते मिळालं होतं. साहेबांपुढं उभं राहावं लागलं होतं त्याचीही तिला धास्ती बसली असेल. का कुणास ठाऊक, पण त्या बाईनं त्या दिवशी, बहुधा त्या खात्यात पहिल्यांदाच, सरळ आवाजात बोलायचं ठरवलं.

“जा, बस तुज्या जागंवर,” ती म्हणाली. “पोरगी कशी हाय आता?”

अक्का हसली.

“अगं, बस म्हनते न्हवं.”

अक्का पुन्हा हसली आणि होती तिथंच उभी राहिली. तिची नजर म्हणे नायकिणीच्या हातांकडं होती. बिल्ला नायकिणीच्या हातात नव्हता, बाजूच्या पेटीवर पडला होता. हात काहीच सांगत नव्हते. नुसते शब्द होते. शेजारणीनं हळूच तिला ढकललं, “जा गं, बस, खरं म्हनते ती.” अक्का हलली नाही. बसले आणि परत म्हणाली की ठट्टा केली, तर? हा प्रश्न तिच्या तोंडावर दिसत होता, शेजारीण म्हणाली, आणि त्या प्रश्नाच्या वर ते हसू तसंच चिकटलेलं.

नायकिणीचा चेहरा पालटला. इतकी वर्षं ती दुसऱ्यांवर हसत आली होती. सरळ बोलल्यावर समोरून हसू आलं, तर त्याचा अर्थ तिला एकच लागला.

“आता माजीच ठट्टा करती व्हय गं?” ती म्हणाली. “सायबानं पाठवली म्हनून माज आला? नीग हितनं.”

आणि भाची परत चात्यांवर बसली.

या वेळी तक्रारीला जागाच नव्हती. जागा दिली होती, हिनं घेतली नाही, वर सगळ्यांसमोर हसली. वकिलांनी हात वर केले. त्यांचीही चूक नव्हती, त्यांनी खरंच प्रयत्न केला होता. मी पत्रक लिहिलं. एक शब्द उलटा नाही, सगळं जसं घडलं तसं. वकिलांनी ते छापू दिलं नाही, म्हणाले यात बदनामीचा दावा होईल. मी ते हातानं नकलून गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलो. वाइंडिंगच्या बायका माझ्याकडं न बघता निघून गेल्या.

जागा गेली त्या दिवशी अक्का दुपारी घरी आली ती भिंतीला टेकून बसली. मुलगी झोपली होती.

“तम्मा, ती खरंच बस म्हनत व्हती का रं?”

“व्हय, अक्का.”

तिनं माझ्या तोंडाकडं बारकाईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्याही चेहऱ्यावर ती दुसरं काही शोधत होती.

नंतर तिनं शेजारणीच्या घरी मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम धरलं, पण हातमागच निम्मा बंद, ते काम टिकलं नाही. माझाही छापखाना पावसाच्या तोंडावर थंडावला. खोलीचं भाडं, औषध, दूध, यातलं काहीच उभं राहीना, तेव्हा अक्का मुलीला घेऊन परत सासरी निघाली. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ते आम्हां दोघांनाही आठवत होतं. मुलगी पुढं जगली नाही हे इथंच सांगून टाकतो. ते शेवटाला ठेवून कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायची मला इच्छा नाही.

स्टेशनवर मी तिला जागा धरून दिली. मुलगी तिच्या मांडीवर, डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हती. मी खिडकीशी उभा होतो.

“अक्का, मला काम लागलं की मी तुम्हांला न्यायला येतो. महिन्याच्या आत येतो.”

“ये की,” ती म्हणाली, आणि मान हलवली. नायकिणीपुढं हलवत असेल तशी.

“अक्का, मी खरं सांगतोय.”

“व्हय, व्हय.”

मला आणखी सरळ कसं बोलावं ते सापडेना. जितकं सरळ बोलावं तितकं ते मलाच ठट्टेसारखं ऐकू येत होतं. मी खिडकीचा गज धरून शब्द शोधत राहिलो. मग गार्डानं शिट्टी दिली, मला गज सोडावा लागला, आणि अक्कानं मुलीच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं.